दुकान उघडें, दार बंद

आपल्या देशांत धर्म अनेक आहेत ही गोष्ट सांगण्यासाठीं कोणा पंडिताची गरज नाहीं. पहांटेची अजान, काकड आरती आणि चर्चची घंटा एकाच पेठेंत ऐकूं येते अशीं शहरें आमच्या महाराष्ट्रांतही पुष्कळ आहेत. प्रश्न आहे तो निराळा. आवाज एके ठिकाणीं मिसळतात, पण माणसें मिसळतात काय? मिसळत असतील तर कोठें व कोणत्या कामासाठीं, आणि त्या मिसळण्याचा दंग्याच्या दिवशीं कांहीं उपयोग होतो काय? या प्रश्नांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विद्वानांनीं मोठ्या मेहनतीनें जें संशोधन केलें आहे, तें आमच्या वाचकांपुढें, विशेषतः व्यापारी वाचकांपुढें, एकदां मांडावें असें बरेच दिवस मनांत होतें. निमित्त मात्र अगदीं लहानशा गोष्टीचें झालें.

आमच्या परिचयाचे एक प्राध्यापक आहेत. गणित शिकवितात, कोणाच्या अध्यांतमध्यांत नसतात. कॉलेजाजवळ भाड्याचें घर पाहिजे म्हणून त्यांनीं एका गृहस्थांशीं फोनवर बोलणें केलें. भाडें ठरलें, अनामत ठरली, नळास पाणी किती वाजतां येतें हेंही कळलें. सर्व झाल्यावर मालकांनीं नांव विचारलें. नांव मुसलमानी निघालें, तेव्हां उत्तर आलें कीं सोसायटीची सभा व्हावयाची आहे, मग कळवूं. त्या गोष्टीस चार महिने झाले. सभा अजून व्हावयाचीच आहे. मालक आमच्याही ओळखीचे असल्यामुळें आम्हीं त्यांस छेडलें. ते म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्या मनांत कांहीं नाहीं हो. मी अजमेरच्या दर्ग्यालासुद्धां जाऊन आलों आहें. पण शेजारी ऐकत नाहींत." शेजाऱ्यांस विचारलें असतें तर त्यांनीं मालकांकडे किंवा पलीकडच्या शेजाऱ्यांकडे बोट दाखविलें असतें याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

हे गृहस्थ ढोंगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ते अपवाद नसून नियम आहेत, हें अमेरिकेंतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या अहवालावरून दिसून येतें. इ. स. २०१९ ची अखेर व २०२० चा आरंभ या काळांत या संस्थेनें आपल्या देशांतील सुमारें ३०,००० प्रौढ स्त्रीपुरुषांस १७ भाषांतून प्रश्न विचारले व त्याचा निष्कर्ष २०२१ च्या जूनमध्यें प्रसिद्ध केला. सर्व धर्मांचा आदर करणें हें खऱ्या भारतीयत्वाचें अत्यंत महत्त्वाचें लक्षण आहे, असें शेंकडा ८४ लोकांनीं सांगितलें. आपला धर्म पाळण्यास आपण पूर्ण मोकळे आहों असें म्हणणारे शेंकडा ९१ निघाले. इतकें वाचून एखाद्या देशभक्ताचा ऊर भरून यावा! परंतु त्याच अहवालाचें पान उलटलें कीं दुसरें चित्र दिसतें. मुसलमान शेजारी आपणांस चालणार नाहीं असें सांगणारे हिंदू शेंकडा ३६ आहेत, आणि जैनांत हें प्रमाण शेंकडा ५४ आहे. आपले जिवलग मित्र सर्वच्या सर्व किंवा बहुतेक हिंदूच आहेत असें शेंकडा ८६ हिंदू सांगतात. आपल्या धर्मांतील स्त्रियांनीं धर्माबाहेर विवाह करूं नये, ही गोष्ट शेंकडा ६७ हिंदूंस व शेंकडा ८० मुसलमानांस फार महत्त्वाची वाटते. म्हणजे अंतर राखण्याच्या बाबतींत उभय पक्षांचें उत्तम एकमत आहे.

आमच्या आजीस हा अहवाल वाचून दाखविला असता तर तिला यांत नवल कांहींच वाटलें नसतें. सोंवळ्यांतलें माणूस कोणाचा द्वेष करीत नाहीं. तें फक्त दुरून बोलतें. अंगणांत आलेल्या परधर्मीय पाहुण्यास तिनें कधीं उपाशी परत पाठविलें नाहीं, पण त्याची पंक्ति निराळी व त्याचा पेला निराळा. सर्व देशानें हेंच सोंवळें नेसलें आहे, आणि त्यालाच आपण सहिष्णुता हें भारदस्त नांव दिलें आहे. काशीक्षेत्रावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या हार्वर्ड विद्यापीठांतील विदुषी डायना एक् यांनीं १९९१ सालीं अमेरिकेंतील धर्मवैविध्याच्या अभ्यासाचा मोठा उपक्रम सुरू केला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा आहे कीं, नानात्व हें आयतें पदरांत पडतें, सहभाव मात्र परिश्रमानें मिळवावा लागतो. आणि नुसती सहिष्णुता म्हणजे सहभाव नव्हे, कारण शेजाऱ्याविषयीं कांहींएक न जाणतांही त्यास सहन करतां येतें. हें तत्त्व झालें. त्याची कसोटी पाहणारें काम दुसऱ्या एका पंडितानें आपल्याच शहरांवर केलें आहे, आणि आमच्या मतें तें प्रत्येक नगरवासीयानें वाचण्यासारखें आहे.

आशुतोष वार्ष्णेय यांचा जातीय दंगे व नागरी जीवन या विषयावरील ग्रंथ २००२ सालीं येल विद्यापीठाच्या छापखान्यांतून बाहेर पडला. वार्ष्णेय यांनीं स्टीव्हन विल्किन्सन या सहकाऱ्याच्या साहाय्यानें टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीचे १९५० पासून १९९५ पर्यंतचे अंक चाळून हिंदु-मुसलमानांच्या प्रत्येक दंग्याची नोंद काढली. त्या नोंदींतून निघालेली पहिली गोष्टच आपल्या अनेक समजुतींस धक्का देणारी आहे. या ४५ वर्षांत दंग्यांत जे लोक मारले गेले त्यांपैकीं खेड्यांतील मृत्यूंचा वांटा शेंकडा चारांहूनही कमी भरला. शहरांतही दंगा सर्वत्र सारखा पसरलेला नाहीं. अहमदाबाद, मुंबई, अलीगड, हैदराबाद, मीरत, बडोदें, कलकत्ता व दिल्ली या आठ शहरांतच एकंदर मृत्यूंपैकीं जवळजवळ शेंकडा ४६ मृत्यू घडले. वास्तविक देशाच्या नागरी लोकसंख्येपैकीं केवळ शेंकडा १८ लोक या आठ शहरांत राहतात. हिंदु व मुसलमान हे जन्मतःच एकमेकांचे वैरी असते, तर हें वैर आठच ठिकाणीं वस्तीला कां राहिलें असतें?

याचें कारण शोधण्यासाठीं वार्ष्णेय यांनीं शहरांच्या जोड्या लाविल्या. दंग्यासाठीं कुप्रसिद्ध असें एक शहर घ्यावयाचें, व त्याच्याशीं बऱ्याच बाबतींत सारखें परंतु शांत असें दुसरें घ्यावयाचें. अलीगड व कालिकत, हैदराबाद व लखनौ, अहमदाबाद व सुरत अशा या जोड्या आहेत. पहिली जोडी सर्वांत बोधप्रद आहे. अलीगड आणि कालिकत या दोन्ही शहरांत मुसलमानांचें प्रमाण शेंकडा ३५ ते ४० च्या घरांत. बाबरी मशिदीच्या प्रकरणानें सर्व देश ढवळून निघाला त्या वर्षांत दोन्ही शहरांत अफवा पिकल्या, दोन्हींत चिथावणी देणारे होतेच. अलीगडांत रक्त सांडलें, कालिकतांत सांडलें नाहीं. मलबारचे लोक स्वभावतः शांत असें कोणी म्हणेल, तर १९२१ सालीं त्याच मलबारांत किती भयंकर रक्तपात झाला याचें त्यानें स्मरण करावें.

वार्ष्णेय यांच्या पाहणींत कालिकतमधील शेंकडा ८३ हिंदु-मुसलमानांनीं आपण समारंभांत वरचेवर एकत्र जेवतों असें सांगितलें. अलीगडांत हें प्रमाण ५४ निघालें. आपलीं मुलें एकमेकांत खेळतात असें सांगणारीं कुटुंबें कालिकतांत शेंकडा ९० च्या आसपास, तर अलीगडांत ४२. तथापि ग्रंथकाराचा मुख्य सिद्धान्त जेवणाखेळण्याच्या पुढचा आहे. घरोघरचा लोभ लहान गांवास पुरतो, परंतु लाखांच्या वस्तींत कोण कोणास ओळखतो? तेथें संस्था लागतात. व्यापाऱ्यांचे संघ, मजुरांच्या युनियन, वकील-डॉक्टरांचीं मंडळें, वाचनालयें, राजकीय पक्षांच्या शाखा, यांत जर दोन्ही धर्मांचे लोक नेहमींच्या कामासाठीं नेहमीं बसत असतील, तर अफवा उठल्याबरोबर ती तपासून खोटी पाडणारीं माणसें तयार असतात. तीं संध्याकाळच्या आंत एकमेकांस गांठतात, कारण एकमेकांचे नंबर त्यांच्या जवळ असतात आणि शब्दावर विश्वास असतो.

आमच्या व्यापारी वाचकांनीं एवढें एक वाक्य दोनदां वाचावें: १९९५ सालीं कालिकतच्या व्यापारी महासंघाकडे नोंदलेल्या २६ संघांपैकीं ११ संघांत अध्यक्ष एका धर्माचा असला तर सरचिटणीस दुसऱ्या धर्माचा होता. असा कोणी कायदा नव्हता. परस्परांच्या उधारीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनीं आपल्या सोयीनें पाडलेली ही वहिवाट होती. ज्याच्याकडून पावतीशिवाय माल उचलावयाचा त्याचें दुकान जळूं देणें कोणास परवडेल? उलट अलीगडच्या व्यापाऱ्यांची एकत्र संघटना ऐंशीच्या दशकांत जातीय वादानें पोखरली गेली व दुभंगली. लखनौस चिकनच्या धंद्यांत हिंदू व्यापारी व मुसलमान कारागीर एकमेकांवांचून उपाशी राहतील अशी स्थिति होती; हैदराबादच्या जुन्या शहरांत अशी गुंफण झालीच नाहीं. अहमदाबादचा मजूर महाजन संघ महात्माजींच्या छायेखालीं १९२० सालीं स्थापन झाला होता. तो संघ व त्याच्या जोडीच्या सार्वजनिक संस्था जसजशा निस्तेज झाल्या, व पुढें गिरण्याही बंद पडल्या, तसतसें तें शहर उघडें पडत गेलें. सुरतेंत १९९२ च्या डिसेंबरांत भयंकर प्रकार घडले हें खरें; परंतु तेथील बळींपैकीं बहुतेक सर्व शहराबाहेर वाढलेल्या नव्या झोंपडवस्तींतले होते. जेथें दोन्ही धर्मांच्या व्यापाऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा संबंध होता तें जुनें शहर बहुतांशीं बचावलें.

येथें आमच्या स्वतःच्या धंद्यासंबंधीं एक लाजिरवाणी गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९९० सालच्या अखेरीस अलीगडांत जो दंगा भडकला त्यांत कांहीं स्थानिक वृत्तपत्रांनीं, विद्यापीठाच्या रुग्णालयांत हिंदु रोग्यांस ठार मारण्यांत येत आहे, अशी धादांत खोटी बातमी छापली. प्रेस कौन्सिलनें पुढें त्यांस ठपका दिला. पण तोंवर जळावयाचें तें जळून गेलें होतें. कालिकतच्या वृत्तपत्रांस अशी बातमी मिळाली असती तर रुग्णालयांतल्या कोणास तरी विचारून पाहण्याइतकी ओळख त्यांच्यापाशीं होती. संपादकाचा खरा मित्र कोण, तर त्याच्या बातमीस रात्रीं अकरा वाजतां "हें खोटें आहे" असें सांगणारा परधर्मीय गृहस्थ!

या संशोधनास इतिहासाची जोड सौमित्र झा या अर्थशास्त्रज्ञानें दिली आहे. त्यांचा लेख २०१३ सालीं अमेरिकेंतील राज्यशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकांत आला. मध्ययुगांत जीं गांवें सागरी व्यापाराचीं बंदरें होतीं, त्यांत हिंदु-मुसलमानांची वस्ती इतर गांवांपेक्षां अधिक मिसळलेली असूनही, १८५० ते १९५० या शंभर वर्षांत दंग्यांचें प्रमाण सुमारें पांचपट कमी होतें, असें त्यांनीं दाखविलें आहे. झा यांनीं सांगितलेलें कारण व्यापाऱ्यांस चटकन् पटेल. हजच्या निमित्तानें मक्केस भरणारी पेठ ही त्या काळच्या जगांतील मोठी पेठ होती. तेथें मुसलमान व्यापाऱ्यांचा पाय सहज पडे. समुद्रापलीकडील त्यांची ओळखपाळख हिंदु व्यापाऱ्यास उसनी घेतां येत नसे, आणि तलवारीच्या जोरावर लुटतांही येत नसे, कारण ती कोणा एका गोदामांत ठेवलेली नव्हती. एकाकडे किनाऱ्यावरील माल व भांडवल, दुसऱ्याकडे दर्यापारची पत. दोघे मिळाले तरच नफा. ज्या ठिकाणीं दोन समाज एकाच धंद्यांत एकमेकांचे गळे कापीत नव्हते, तर एकाचें काम संपलें कीं दुसऱ्याचें सुरू होत होतें, तेथें नफा वांटून घेण्याच्या रीतिभाती पडल्या. पुढें युरोपीयांनीं हा व्यापार हिसकावून घेतला, तरी त्या रीतिभाती दोन दोन शतकें टिकल्या. आमच्या कोंकणांतील चौल आणि दाभोळ हीं बंदरें त्याच काळांत भरभराटलेलीं, हें वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु एवढ्यावरून आम्ही व्यापारी संघांच्या हवालीं सर्व शांतता करून मोकळे झालों, तर तो भोळेपणा होईल. पॉल ब्रास या पंडितानें अलीगडवरच आयुष्याचीं अनेक वर्षें घालवून २००३ सालीं ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं दंगा होत नसतो, तो घडवून आणला जातो, व त्यासाठीं लागणारीं माणसें कांहीं शहरांत कायमचीं तयार असतात. वार्ष्णेय यांच्याच सहकाऱ्यानें, विल्किन्सन यानें, २००४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, ज्या राज्यांतील सत्ताधाऱ्यांस अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते त्या राज्याचे पोलीस दंगा लवकर मोडतात. वकिलीच्या धंद्यांत आम्हीं जें पाहिलें त्यावरून या दोघांच्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे असें आम्हांस वाटतें. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंग्यांत सुमारें ९०० माणसें मेलीं. त्याविषयींचा न्यायमूर्ति श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. तो ज्यानें वाचला आहे, त्यास पोलिसांचें वर्तन हा गौण प्रश्न आहे असें म्हणतां येणार नाहीं.

तरीही पोलीस आणि नागरिक हे दोन निराळे उपाय आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. आमच्याच प्रांतांतलें भिवंडीचें उदाहरण घ्या. हातमाग-यंत्रमागांचें हें गांव. १९७० सालीं शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथें जो दंगा झाला त्यावर न्यायमूर्ति मादन यांचा चौकशी आयोग बसला, आणि १९८४ सालीं पुन्हा तेंच झालें. दंग्यानंतर शांतता समिति नेमण्याची आपली रीत म्हणजे वरातीमागून घोडें. ठराव होतो, चहा होतो, फोटो निघतो. १९८८ सालीं भिवंडीस आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं कांहींच घडलेलें नसतां मोहल्लामोहल्ल्यांतून समित्या बसविल्या. त्यांत दोन्ही धर्मांचे साधे लोक घेतले, पोलिसांसह ते वरचेवर भेटूं लागले, आणि बोलणें बहुधा गटार, दिवे, लहानसहान भांडणें यांवरच होई. १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत मुंबई जळत असतां, तिच्या उंबरठ्यावरची व दोनदां होरपळलेली भिवंडी शांत राहिली. गटारीवरून भांडतां भांडतां जुळलेली ओळख कामास आली, ही गोष्ट आम्हांस सर्व परिषदांच्या ठरावांपेक्षां मोलाची वाटते.

आतां मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आमच्या प्राध्यापकांच्या घराकडे येऊं. संस्थांतून माणसें एकत्र यावयाचीं तर तीं आधीं एकमेकांच्या जवळपास राहिलीं पाहिजेत. शहर जर धर्मवार वस्त्यांत विभागलें, तर शाळा विभागल्या जातात, दवाखाने विभागले जातात, आणि एकदां मुलांचीं खेळण्याचीं मैदानें विभागलीं कीं मोठेपणीं एका संघांत बसणार कोण? या बाबतींत आपला कायदा काय सांगतो हें वाचकांस ठाऊक असावें. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें धर्माच्या कारणावरून भेदभाव करण्यास सरकारला बंदी केली. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानें दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें, विहिरी, तलाव, सार्वजनिक रस्ते यांत धर्म-जातीवरून कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरविलें. हें बंधन खासगी माणसावरही आहे. अर्थात् दुकानाचें दार घटनेनें उघडलें. राहत्या घराचें नांव त्या यादींत नाहीं.

ही फट किती मोठी आहे तें २००५ सालीं दिसून आलें. अहमदाबादेंत पारशी लोकांची एक सहकारी गृहसंस्था १९२६ पासून आहे. पारशी नसलेल्यास सभासद करूं नये असा तिचा पोटनियम. एका सभासदानें आपली जागा बाहेरच्यास विकण्याचा प्रयत्न केल्यावरून तंटा लागला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानें पोटनियम कायदेशीर ठरविला. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्यांत कोणाबरोबर संघ करावयाचा हें ठरविण्याचें स्वातंत्र्य येतें. सहकारी कायद्यांत जोंपर्यंत विधिमंडळ तसा बदल करीत नाहीं, तोंपर्यंत न्यायालयानें असा नियम रद्द करूं नये, अशी त्या निकालाची मांडणी आहे. हा निकाल ज्या दोन न्यायमूर्तींनीं दिला त्यांत एक न्यायमूर्ति श्रीकृष्ण होते. मुंबईच्या दंग्यांची चौकशी करणारे तेच. निकालपत्र मात्र न्यायमूर्ति बालसुब्रह्मण्यन् यांनीं लिहिलें.

आम्ही त्या निकालाशीं आदरपूर्वक असहमत आहों. पारशी समाज लहान आहे व दिवसेंदिवस आटत चालला आहे. आपलें घर, आपली आग्यारी, आपला शेजार राखावा असें त्यास वाटलें तर त्यामागील भीति आम्ही समजूं शकतों. परंतु जी ढाल मूठभरांच्या रक्षणासाठीं म्हणून मान्य झाली, तीच ढाल बहुसंख्याकांची सोसायटी हातीं घेईल तेव्हां तिला ढाल म्हणावयाचें काय? शिवाय सहकारी संस्था ही कोणाचा खासगी वाडा नव्हे. तिची नोंदणी सरकार करतें, तिचे हिशेब कायद्याप्रमाणें तपासले जातात, तिला कायद्याच्या सवलती मिळतात. चार मित्रांच्या क्लबाचा न्याय तिला लावणें आम्हांस पटत नाहीं. न्यायालयानें चेंडू विधिमंडळाकडे टाकला आहे. घर विकणें, भाड्यानें देणें आणि सहकारी संस्थेचें सभासदत्व या तिन्ही बाबतींत धर्मावरून नकार देण्यास मनाई करणारें विधेयक आमच्या विधिमंडळानें आणावें, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

कायद्यानें सर्व साधेल असें मात्र वकील असूनही आम्हांस वाटत नाहीं. नांव ऐकल्याबरोबर बंद होणारा फोन कोणत्याही पोटनियमांत लिहिलेला नसतो, व त्याचा पुरावा कोर्टापुढें आणणें किती कठीण असतें हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. म्हणून आमच्या शहरांतील व्यापारी संघांच्या कार्यालयांत जाऊन आम्हीं गेल्या आठवड्यांत एक साधें काम केलें. भिंतीवर पदाधिकाऱ्यांच्या नांवांच्या पाट्या असतात त्या वाचल्या. धान्य, कापड, लोखंड, औषधें असे सात संघ पाहिले. बाजारांत ज्यांचीं दुकानें आहेत त्या सर्व धर्मांचे लोक वर्गणी भरतात. पाट्यांवर अध्यक्ष व चिटणीस मिळून चौदा नांवें आहेत, तीं सर्व एकाच धर्माचीं आहेत. लोखंडाच्या संघाच्या चिटणीसांस हें दाखविलें तेव्हां ते क्षणभर पाटीकडे पाहतच राहिले. "हें कोणीं मुद्दाम केलेलें नाहीं," ते म्हणाले. आम्हांसही तसेंच वाटतें. येत्या वार्षिक सभेंत भंगाराच्या धंद्यांतले एक जुने मुसलमान व्यापारी उभे राहिले तर आपण त्यांचें नांव सुचवूं, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. सभा पुढील महिन्यांत आहे. काय होतें तें आम्ही छापूं.

प्राध्यापकसाहेब तूर्त शहराच्या दुसऱ्या टोंकास, आपल्या धर्मबांधवांच्या वस्तींत राहतात. पहिला तास सकाळीं सातचा असतो. त्यासाठीं त्यांस साडेपांचची बस धरावी लागते.